कोरडं म्हणायच्या आधी

सोमवार, ता. ४

हिने आज सकाळी अक्षरशः हात जोडले. "अहो, टाकी, टाकी, टाकी! माझ्या डोक्याची टाकी झालीय. काय वाटतं ते कागदावर उतरवा, पण मला चहा सुखाने पिऊ द्या." म्हणून लिहायला बसलो. गावची शाळा सुटल्यापासून सलग एवढं लिहिल्याचं आठवत नाही. अक्षर मात्र मास्तरांनी वळवून दिलं तसंच आहे, हे पाहून बरं वाटलं.

तर टाकी. हिच्या धाकट्या भावाची बोट आहे, पेट्रोलवर चालणारी. सगळे त्याला कप्तान म्हणतात. बोट एकच, तीही इतकी जुनी की तिच्यापुढे कप्तानाची टोपीच नवी वाटते. येत्या अठरा तारखेपासून पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात सकाळच्या पाळीच्या नर्सबायांना पोचवायचं काम त्याला मिळालंय. त्या नर्सबायांत त्याची बायकोही आहे.

आज आम्ही बोटीतल्या फळ्या उचलून टाकी वर काढली. लोखंडी आहे. ज्या आडव्या लाकडांवर ती बसली होती ती लाकडं कायम ओली राहायची, त्यामुळे तळ खाल्ला गेलाय. सुई टोचून पाहिली तर चार ठिकाणी आरपार गेली.

"दाजी, या मापाची टाकी आता कुठे मिळत नाही," कप्तान म्हणाला. "तुम्हीच करा काहीतरी. तुमच्या हाताला यश आहे."

"यश देवाच्या हातात असतं."

"देवाशी मी बोलतो. तुम्ही टाकीचं बघा."

हसलो खरा, पण काम सोपं नाही. मला हे काम शिकवणारे उस्ताद होते तेव्हा छिद्रं डाग देऊन बुजवायची आणि आतून लाख फिरवायची अशी पद्धत होती. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे ती लाख एक वर्षही टिकत नाही. म्हणून नव्या प्रकारचा लेप मागवलाय, दोन डबे एकत्र कालवून टाकीत ओतायचा. मी तो आजवर वापरलेला नाही. चुकला तर दिसणारही नाही. थेंब पडत राहिला तर माणूस बघतो आणि सावध होतो. वाफेचं तसं नाही. ती हवेहून जड, बोटीच्या पोटात गुपचूप बसून राहते. मग कुणीतरी इंजिनाची चावी फिरवतं.

बुधवार, ता. ६

टाकी धुतली. साबण, गरम पाणी, मग गंज काढायचं आम्लाचं पाणी, पुन्हा साधं पाणी. आत मूठभर साखळी टाकून हलवली की पोपडे सुटतात. असा खडखडाट होतो की शेजारच्या शेडमधला वायरमन कानावर हात ठेवून आला. मग कानावरचे हात नाकावर नेले.

"काय हो हे! वर्षानुवर्षांचं कुजलेलं पेट्रोल. तुमचं नाक आहे की दगड?"

मी म्हटलं, इतकी वर्षं या धंद्यात आहे, बाबा. सवय असते.

आज खरंच काही त्रास झाला नाही. एरवी जुनी टाकी धुतली की जेवण जात नाही. दोन महिन्यांपूर्वी तो ताप येऊन गेला, त्यानंतर तब्येत उलट चांगली झालीय म्हणायची.

संध्याकाळी दूध उतू जाऊन भांडं काळं पडलं. मी शेजारीच बसून डब्यावरच्या सूचना वाचत होतो. ही बाहेरून धावत आली आणि म्हणाली, "दुधाची राखण मांजराला दिली असती तरी परवडली असती." माझं सगळं लक्ष त्या लेपात अडकलंय.

शुक्रवार, ता. ८

लेप घातला. ओतायचा आणि टाकी हळूहळू फिरवायची, तळ, चारही बाजू, मग माथा, म्हणजे आतला प्रत्येक कोपरा भिजतो. कप्तान एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला, "ताईचं बाळ मी इतकं हळुवार कधी धरलं नव्हतं." आमची मुलगी आता स्वतःच्या घरी संसार करते. तिचं बाळपण याला अजून आठवतं.

या लेपाचं एक मानलं पाहिजे. जराही वास नाही. पूर्वीची लाख कालवली की डोळ्यांतून पाणी यायचं. लोक काय काय शोधून काढतात! कप्तान मात्र मध्येच दोनदा बाहेर जाऊन उभा राहिला. नव्या पिढीत दम नाही.

घरी आल्यावर हिने दारातच अडवलं. "आधी आंघोळ. साबण दोनदा." मी म्हटलं, कपड्यांना काही लागलेलं नाही. तिने नुसतं बघितलं आणि बादली पुढे केली.

रविवार, ता. १०

लेप वाळतोय. त्याला हात लावायचा नाही, म्हणून आज घरीच. डोक्यात तेच. गंजावर लेप बसला असेल का? कोपऱ्यात जाड राहून सुटला, तर पोपडा थेट इंजिनाच्या नळीत जाईल. देवासमोर बसलो तरी डोळ्यांपुढे टाकीच.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. हिचं काहीतरी बिनसलंय. महिना-दोन महिन्यांपासून जेवण अगदी बेचव करते. भाजी काय, पालापाचोळा काय, सारखंच. आज धीर करून विचारलं, "रागावली आहेस का माझ्यावर?"

"आता काय केलंत?"

"नाही, भाजीत आज काही घातलं नव्हतंस म्हणून..."

"लसूण घातलाय मूठभर! शेजारीण विचारून गेली, आज काय बेत आहे म्हणून."

मी विषय वाढवला नाही. भांडणाला तोंड फुटलं की टाकीपर्यंत पोचतं.

मंगळवार, ता. १२

देवाची कृपा. आज टाकीची परीक्षा झाली. माथ्यावरची तोंडं, म्हणजे पेट्रोल भरायचं, इंजिनाला जाणाऱ्या नळीचं आणि पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या काट्याचं, अशी सगळी पत्र्याच्या चकत्या लावून बंद केली. सायकलच्या पंपाने अगदी बेताची हवा भरली, सगळ्या अंगाला साबणाचं पाणी फासलं आणि बसून राहिलो. जिथे छिद्र असेल तिथे बुडबुडा यायला हवा. चहा आला, निवला, वायरमनने दोन खोटे किस्से सांगितले. एकही बुडबुडा नाही. तळ आरशासारखा शांत.

कप्तानाने मला मिठी मारली. मी शेडच्या मागे जाऊन दोन मिनिटं हात जोडून उभा राहिलो. कुणी पाहिलं नाही.

शुक्रवार, ता. १५

बुधवारी टाकी बसवली, काल पेट्रोल भरलं. वाफ बाहेर फेकणारा पंखा न लावता बोटीच्या पोटाची झाकणं रात्रभर बंद ठेवली.

आमच्या धक्क्यावर रीत आहे. टाकीचं काम झालं की बोटीचं पोट रात्रभर बंद ठेवायचं आणि सकाळी ज्याने काम केलं त्यानेच पहिलं झाकण उघडायचं. बाकीचे लांब उभे राहतात. कारागीर डोकं आत घालतो, श्वास घेतो, बाहेर येतो आणि म्हणतो, कोरडं. तो शब्द आल्याशिवाय मालक चावीला हात लावत नाही. उस्तादांनी मला अवजारांच्याही आधी हेच शिकवलं होतं. म्हणायचे, "हात फसवतील, डोळे फसवतील, वाफ मात्र नाकाला चुकवून जात नाही."

आज सकाळी मी झाकण उघडलं. डोकं आत घालून तीनदा श्वास घेतला. स्वच्छ हवा. एवढी स्वच्छ की मलाच नवल वाटलं. बाहेर येऊन म्हणालो, "कोरडं."

टाळ्या झाल्या. कप्तान म्हणाला, आता चावी सोमवारी, पहिल्या फेरीलाच. गुरगुरे आजोबाही आले होते. सारखे गुरगुरतात म्हणून त्यांचं हे नाव. ते म्हणाले, "मेव्हण्याची म्हणून चार दिवस जास्त घासलीस. माझी गेल्या महिन्यात दोन दिवसांत उरकली होतीस." मी म्हटलं, आजोबा, तुमची बोट तुमच्यासारखीच, काही झालं तरी हटणार नाही.

दुपारी ही डबा घेऊन धक्क्यावर आली. बोटीत पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. "किती हा पेट्रोलचा वास!" मी म्हटलं, माझ्या कपड्यांचा असेल. तिने बोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा काठावर ठेवून गेली. तिला सवय नाही.

डोकं सकाळपासून जड आहे. काळजी सरली तरी तिची सवय अंगातून लगेच जात नसावी.

शनिवार, ता. १६

घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

दुपारी स्वयंपाकघरात बसून कामाचे पाने पुसत होतो. ही बाजारातून आली. उंबरठ्यावरच पिशवी टाकली आणि ओरडली, "दिवा लावू नका! उठा! बाहेर व्हा!" धावत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून अंगणात ओढलं. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. कधीपासून गॅस सुटत होता, देव जाणे.

"तुम्हाला वास आला नाही?"

मी जोरात श्वास ओढून पाहिला.

"अहो, सगळी खोली भरली होती! मला फाटकापासून आला!"

तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरून हळूहळू दुसरंच काही आलं. ती आत गेली, चिरलेला कांदा घेऊन आली आणि माझ्या नाकाखाली धरला. मग साबण. मग माझाच कामाचा सदरा. मी तिला सांगितलं, सर्दी आहे. ती म्हणाली, "बरं." तिला पटलं नाही, पण तिने मला सोडलं.

मग मी शेडवर गेलो. पेट्रोलचा कॅन उघडून नाक लावलं. पाणी हुंगावं तसं.

वायरमनचे नाकावरचे हात, हिचा रुमाल, कप्तानाचं बाहेर जाऊन उभं राहणं, लसूण, दूध, सगळं एकामागून एक आठवत गेलं. मी काल त्या बोटीच्या पोटात डोकं घालून तीनदा श्वास घेतला आणि माणसांसमोर शब्द दिला. तो शब्द कशाच्या जोरावर दिला?

कप्तानाला फोन केला. म्हटलं, "चावी लावू नकोस. लेप अजून पुरता मुरला नसेल."

"पण दाजी, तुम्ही तर कोरडं म्हणालात."

"म्हणालो. तरी नको. झाकणं उघडी टाक आणि बोटीपाशी कुणाला बिडी ओढू देऊ नकोस."

म्हणजे मी खोटं बोललो, आणि दोष बिचाऱ्या लेपावर ढकलला.

रविवार, ता. १७, सकाळ

उजाडताच एकटाच बोटीवर जाऊन आलो. साबणाचं पाणी घेऊन हात पोचेल तिथे सांध्यांना फासलं. बुडबुडा नाही. पण जिथे हात पोचत नाही तिथलं काय? फळ्या तर ठोकून झाल्यात. जमलं तर कुणाला कळू न देता निस्तरावं, एवढ्याचसाठी गेलो होतो, हे इथे तरी कबूल करतो.

मग देवासमोर बसलो. मागितलं काय, तर उद्या सकाळपर्यंत नाक परत दे. मागता मागता लक्षात आलं, की मला नाक नको आहे, मला फक्त तोंड उघडायला लागू नये असं हवंय. असलं मागणं देवाकडे करायचं नसतं. उठलो.

धंदा जाईल. नाक गेलेल्या माणसाला टाकी कोण देणार? हे सगळं खरं. पण उद्या त्या बोटीत पंधरा-वीस बायका चढणार आहेत, रात्रीची झोप अर्धी मोडून कामाला निघालेल्या. त्यांच्यातली एक हिच्या माहेरची सून.

भाजी निवडत होती तिथे जाऊन तिला सांगितलं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "कांदा धरला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही सांगायची वाट बघत होते. दुपार झाली असती तर मीच भावाला फोन करणार होते."

रविवार, संध्याकाळ

कप्तानाला ही म्हणाली, "बोट दाखव." तो हसत होता. मी खरं सांगितलं तेव्हा त्याचं हसू गेलं. टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ फिरवत बसला. मग म्हणाला, "फोनवर लेपाचं कशाला सांगितलंत, दाजी?"

मी उठून झाकणं लावायला घेतली.

झाकणं कालपासून उघडी होती, ती आम्ही दुपारभर बंद ठेवली. मग ही आत उतरली. आयुष्यात पहिल्यांदा बोटीच्या पोटात. मी विजेरी धरायला निघालो तर म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा, तुमच्या अंगालाच पेट्रोलचा वास येतोय." मला लांब उभं केलं आणि गुडघ्यांवर पुढे सरकत राहिली. थोडं हुंगायची, तोंड बाहेर काढून हवा घ्यायची, पुन्हा आत.

"इथे कमी आहे... इथे नाही... थांबा. इथे. इथे खूप आहे."

"तळाशी?"

"तळाशी कुठलं! वर. या बाकाच्या खाली."

कप्तान वरून म्हणाला, "ताई, लग्नाआधी माझ्या खिशातली तंबाखू अशीच शोधायचीस."

"तेव्हाच मार खाल्ला असतास तर आज अक्कल असती. बाक उचल."

बाक उचलला. खाली टाकीचा माथा आणि त्यावर पेट्रोलचा काटा. तो काटा ज्या चकतीवर बसतो तिचं बुचाचं पॅकिंग जुनंच होतं. कड मऊ लागली म्हणून मी तेच परत घातलं होतं. मंगळवारी परीक्षेच्या वेळी ते तोंड तर मी चकती ठोकून बंद केलं होतं! म्हणजे काट्याची जागा तपासलीच गेली नाही. ब्रशने साबणाचं पाणी लावलं तर कडेने बारीक फेस आला, श्वास घेतल्यासारखा वर-खाली.

पंधरा दिवस मी तळाला जपलं. तळ ठणठणीत आहे. वाफ निघत होती माथ्यावरून.

झाकणं उघडून पोट पुरतं वाऱ्यावर टाकलं. मग जाड रबराची नवी चकती कापली, पितळी पान्याने आवळली, पुन्हा पाणी लावलं. फेस नाही. कप्तान म्हणाला, वाफ ओळखणारं यंत्र मिळतं म्हणे, मागवू या. मागवूच. पण उद्या सकाळी ते इथे नसेल. आम्ही पंखा बंद ठेवून झाकणं लावली आणि घरी आलो.

सोमवार, ता. १८

धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा नर्सबाया रांगेत उभ्या होत्या. गुरगुरे आजोबा होते, वायरमन होता, आणखी दोन बोटींचे मालक होते. सगळे माझ्याकडे बघत होते. झाकण उघडायला मी वाकायचं, अशी रीत.

मी वाकलो नाही. म्हटलं, "थांबा. तापानंतर माझं नाक गेलंय. मला वास येत नाही. शुक्रवारी मी कोरडं म्हणालो, ते खोटं निघालं. वाफ होती. काल हिने शोधली. आज झाकण ही उघडेल."

एक नर्सबाई दुसरीला हळूच म्हणाली, "आपण पुलावरून जाऊ या का?"

मग गुरगुरे आजोबा पुढे आले. "तापानंतर? माझी बोट तापानंतरच केलीस ना?"

"हो, आजोबा."

"आणि मी महिनाभर तिच्यावर बसून बिड्या ओढतोय?"

"तीही आजच उघडायची. तोवर चावी लावू नका. आणि बिडी तर नकोच."

त्यांनी तोंडातली बिडी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पाण्यात टाकली.

ही वाकली. झाकण उचललं आणि डोकं आत घातलं. आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं. तिची पाठ तेवढी दिसत होती. श्वास घेतला की पाठ वर यायची. एकदा आली, दुसऱ्यांदा आली. मग ती थोडी बाजूला सरकली आणि थांबली. का थांबली? असंच लांब उभं राहून लोक इतकी वर्षं माझ्या पाठीकडे बघत होते. मला कधी वाटलं नव्हतं की त्यांना इतका वेळ लागत असेल.

ती उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "कोरडं."

"नक्की?" मी विचारलं.

"विश्वास नसेल तर विचारता कशाला?"

मी नर्सबायांच्या आधी बोटीत चढलो आणि त्या काट्यावरच्या बाकावर बसलो. ही माझ्या शेजारी येऊन बसली. "सरका जरा, अख्खा बाक तुमचाच आहे का?" कप्तानाची बायको डबा सांभाळत आली आणि आमच्या समोर बसली. मग एकेक करत बाकीच्या चढल्या. पुलाचं नाव काढणारी शेवटी आली. कप्तानाने पंखा लावला, पंखा फिरेपर्यंत थांबला आणि चावीला हात घातला. मी देवाचं नाव घेतलं. इंजिन लागलं.

मंगळवार, ता. १९

काल पलीकडून परत आलो आणि तसेच गुरगुरे आजोबांच्या बोटीकडे गेलो. आजोबा हाताची घडी घालून उभे. ही आत वाकली आणि पहिल्याच श्वासाला बाहेर आली. खोकत होती.

"आहे," म्हणाली. "भरपूर."

आजोबा माझ्याकडे वळले. शिवी येणार म्हणून मी मान खाली घातली. ती माझ्या हक्काची होती.

"तू खाली उतर आणि फळ्या काढायला घे," ते म्हणाले. मग वायरमनकडे वळून ओरडले, "आणि तू काय बघतोस? बाईंना खुर्ची आण!"